चंद्रावर माणूस परत न्यायचं काम इतकं का अडलंय? हिशोब किलोचा आहे

नमस्कार मंडळी.

14 डिसेंबर 1972 ला अमेरिकेच्या अपोलो-17 मोहिमेचे अंतराळवीर युजीन सर्नन शिडी चढून यानात परतले. तेव्हापासून चंद्राच्या धुळीत माणसाचं पाऊल पडलेलं नाही. आणि 23 ऑगस्ट 2023 ला आपलं चांद्रयान-3 उतरल्यापासून एक प्रश्न घरोघरी विचारला जातोय: यंत्र उतरतं, मग माणूस का नाही? 1969 साली जमलं, ते आज का जमू नये?

पैसा आणि राजकारण ही कारणं आहेतच, त्यांच्याकडे येऊ. पण खरी अडचण समजून घ्यायची तर आधी वजनकाटा काढावा लागतो.

[पडद्यावर: विक्रम लँडर. इंधनासह 1,471 किलो, इंधनाशिवाय 626 किलो]

हा चांद्रयान-2 चा विक्रम. इंधन भरून 1,471 किलो, इंधन काढलं की 626. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन जवळजवळ फक्त ब्रेक लावण्यासाठी. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पॅराशूटचा काही उपयोग नाही. जवळच्या कक्षेत यान सेकंदाला सुमारे 1.7 किलोमीटर वेगानं पळत असतं, आणि तो सगळा वेग इंजिन पेटवूनच मारावा लागतो.

शिवाय विक्रमला परत यायचं नव्हतं. माणसाला परत यायचंय.

आता हा हिशोब माझ्याबरोबर करा. अपोलोच्या लँडरमध्ये होतं त्या जातीचं इंधन धरू. उतरताना आणि चढताना, हाताशी थोडी शिल्लक ठेवून, प्रत्येकी सेकंदाला 2 किलोमीटर वेग बदलायचा. चंद्रावरून 1 किलो सामान वर कक्षेत आणायचं, तर खाली त्याच्यासोबत जवळपास आणखी 1 किलो इंधन हवं. आणि हे दोन किलो मुळात खाली उतरवायचे, तर कक्षेत पावणेचार किलो हवेत. टाक्या, पाय, इंजिनं यांचं वजन अजून धरलेलंच नाही.

अपोलोचं रॉकेट, सॅटर्न-5 आठवा. उंची 110 मीटर, वजन 2,900 टनांच्या वर. एवढ्यातून चंद्राच्या वाटेला लागायचे साधारण 45 ते 48 टन. त्यात दोन वाहनं: तीन अंतराळवीरांना नेणारं-आणणारं मुख्य यान आणि दोघांना खाली नेणारा लँडर. लँडरचं वजन 15-16 टन. वजन वाचवण्यासाठी आतल्या खुर्च्यासुद्धा काढून टाकल्या, दोघांनी उभ्यानंच उतरायचं. वर यायचं इंजिन एकच, त्याला पर्याय नाही. म्हणून ते शक्य तितकं साधं ठेवलं. पंप नाही, हेलियम वायूच्या दाबानं इंधन पुढे सरकायचं. ठिणगीही नाही, दोन द्रव एकमेकांना भिडले की आपोआप पेट घ्यायचे. आमच्या मते अख्ख्या अपोलोतली सगळ्यात शहाणपणाची रचना हीच.

आता आजच्या गाडीकडे या. नासाचं एसएलएस रॉकेट पहिल्या रूपात चंद्राच्या दिशेनं सुमारे 27 टन पाठवतं. अंतराळवीर बसतात ती ओरायन कॅप्सूल आणि तिला जोडलेलं युरोपचं सर्व्हिस मोड्यूल, म्हणजे इंजिन-इंधनाचा भाग, मिळून साधारण 26 टन. संपलं. लँडरला जागाच उरत नाही.

इथूनच पुढच्या सगळ्या अडचणी एकीतून एक निघत जातात.

अपोलोच्या सर्व्हिस मोड्यूलमध्ये 18 टनांवर इंधन असायचं. ओरायनच्या मोड्यूलमध्ये साडेआठ टनांच्या आसपास आहे, आणि कॅप्सूल मात्र चौघांची, जास्त जड. त्यामुळे ओरायनला चंद्राच्या जवळच्या कक्षेत शिरून पुन्हा पृथ्वीकडे निघणं झेपत नाही. म्हणून उतरण्याच्या मोहिमांसाठी वेगळी, लांबुडकी कक्षा निवडली. एका फेरीला साडेसहा दिवस लागतात, आणि फेरीच्या एका टोकाला यान चंद्रापासून 70,000 किलोमीटर दूर जातं. ही कक्षा टिकवायला इंधन फार कमी लागतं आणि तिथून पृथ्वी जवळपास कायम दिसते, हे तिचे गुण. पण लँडरचं बिल वाढतं. उतरताना आणि चढताना प्रत्येकी सेकंदाला 2 ऐवजी अडीच-पावणेतीन किलोमीटर वेग बदलावा लागतो. मघाचाच हिशोब त्याच इंधनानं पुन्हा केला, तर पावणेचार किलोचे सहा किलोपर्यंत जातात.

आणि एक गोष्ट जिवाशी संबंधित. अपोलोत मुख्य यान दर दोन तासांनी डोक्यावरून जायचं. खाली काही बिघडलं, तर थोड्या वेळात वर जाऊन त्याला गाठता यायचं. साडेसहा दिवसांच्या कक्षेत वेळ चुकली, तर काही दिवस वाट बघावी लागू शकते. मग तेवढ्या दिवसांची हवा, पाणी आणि वीज लँडरमध्येच ठेवायची. पुन्हा वजन.

मग लँडर वेगळ्या रॉकेटनं पाठवायचं ठरलं. एप्रिल 2021 मध्ये स्पेसएक्सला 2.89 अब्ज डॉलर्सचं कंत्राट मिळालं, मे 2023 मध्ये ब्लू ओरिजिनला दुसऱ्या लँडरचं. स्पेसएक्सचा स्टारशिप लँडर सुमारे 50 मीटर उंच, म्हणजे साधारण सोळा-सतरा मजली इमारत. अंतराळवीरांना खाली यायला लिफ्ट लागते. हे यान पृथ्वीच्या कक्षेत पोचेपर्यंत आपलं बहुतेक इंधन संपवतं. चंद्राकडे निघण्याआधी ते तिथेच पुन्हा भरायचं, टँकर पाठवून. किती टँकर? अंदाज दहापासून विसापर्यंत आहेत.

इथं जरा थांबून बघू, कारण खरी गाठ इथेच आहे.

पेट्रोल पंपावर इंधन टाकीत खाली बसतं, कारण गुरुत्वाकर्षण आहे. कक्षेत द्रव टाकीभर गोळ्यागोळ्यांनी तरंगतो. नळीच्या तोंडाशी द्रव आहे की वायू, याचा भरवसा नसतो. म्हणून दोन्ही यानं जोडलेल्या अवस्थेत हलकासा जोर लावून द्रव एका बाजूला बसवायचा, आणि मग तो ओढायचा. त्यात द्रव मिथेन उणे 161 अंशांना उकळतो, द्रव ऑक्सिजन उणे 183 ला. टाकीवर ऊन पडलं की थोडं थोडं उकळत राहतं, दाब वाढतो, वायू बाहेर सोडावा लागतो. एखादा टँकर आठवडाभर लांबला, तर आधी भरलेल्यातलं काही उडून जातं आणि आणखी फेऱ्या वाढतात. कक्षेत इंधन देण्याची कल्पना काही नवी नाही. 1978 पासून रशियाची प्रोग्रेस यानं अंतराळ स्थानकांना इंधन पुरवतात. पण ते नेहमीच्या तापमानाला टिकणारं असतं, आणि प्रमाण शेकडो किलोंचं. इथं गोठवणारे द्रव शेकडो टनांनी हलवायचेत.

थंड द्रवाचा त्रास जमिनीवरही काही कमी नाही. एसएलएसमध्ये द्रव हायड्रोजन भरतात, उणे 253 अंशांना. रेणू इतका लहान की बारीकशा फटीतूनही निसटतो. आणि एवढ्या थंडीत धातू आकसतात, सील आकसतात, त्यामुळे जोड सैल पडतात. 3 सप्टेंबर 2022 चं उड्डाण अशाच एका आठ इंची नळीच्या जोडावरच्या गळतीमुळे रद्द झालं. 16 नोव्हेंबरला रॉकेट उडालं, पण त्याच रात्री पुन्हा एक व्हॉल्व्ह गळत होता. इंधनानं भरलेल्या रॉकेटच्या पायथ्याशी तीन तंत्रज्ञ गेले, नट आवळून आले, आणि मग उलटी मोजणी पुढे सरकली.

त्या रॉकेटवरून गेलेलं ओरायन यान परत आलं तेव्हा एक वेगळाच प्रश्न पुढे आला.

[पडद्यावर: ओरायनच्या हीट शील्डचा खड्डे पडलेला भाग]

चंद्राहून परतताना कॅप्सूल सेकंदाला 11 किलोमीटर वेगानं हवेत शिरते. हीट शील्डवर, म्हणजे तिच्या उष्णतारोधक कवचावर, साधारण 2,760 अंश तापमान होतं. शील्डचा पदार्थ अ‍ॅव्हकोट. त्यानं हळूहळू जळत, झिजत उष्णता बाहेर न्यायची असते. अपोलोच्या काळी कामगार मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीतली लाखो खणं एकेक करून हातानं भरायचे. ओरायनवर त्याऐवजी 186 ठोकळे चिकटवले. डिसेंबर 2022 मध्ये कॅप्सूल समुद्रातून काढली, तर शंभराहून जास्त ठिकाणी शील्डचे तुकडे उडालेले दिसले. आतलं तापमान मात्र सुरक्षित होतं.

कारण सापडायला जवळपास दोन वर्षं गेली. ओरायन हवेत एकदा शिरते, थोडी वर उसळते, पुन्हा शिरते. मधल्या वेळात तापमान उतरतं, पण आत वायू तयार होतच राहतात. वरचा जळका थर तेव्हा पुरेसा सच्छिद्र नव्हता, वायूला वाट मिळाली नाही, दाबानं थर तडकला. जमिनीवरच्या चाचण्यांत हे दिसलं नाही, कारण तिथे उष्णता जास्त दिली होती, आणि जास्त उष्णतेत थर सच्छिद्र होतो. चाचणी प्रत्यक्षापेक्षा कडक होती, आणि नेमका म्हणूनच दोष लपला.

"जुनीच रॉकेटं पुन्हा बनवा की," असं बरेच जण म्हणतात. सॅटर्नचे आराखडे हरवले, ही अफवा आहे. ते नासाच्या हंट्सव्हिलच्या केंद्रात मायक्रोफिल्मवर आहेत. पण सॅटर्नचं एफ-1 इंजिन नासाच्या तरुण इंजिनियरांनी उघडून तपासलं, तेव्हा कळलं की वेल्डरांनी जागेवर केलेले बारीक फेरफार कागदावर उतरलेच नव्हते. ती कला हातात होती, आणि ते हात निवृत्त झाले. आपल्याकडे विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांची ‘विकास’ इंजिनं वर्षानुवर्षं बनत आलीत, म्हणून ती विद्या जिवंत आहे. सलग चालू राहणं ही फार मोठी गोष्ट असते.

अमेरिकेत तसं सलगपण राहिलं नाही. 1966 मध्ये सरकारी खर्चातले चार टक्क्यांहून जास्त पैसे नासाला मिळायचे, आता अर्ध्या टक्क्याहून कमी. 1989 मध्ये चंद्राची घोषणा झाली, ती विरली. 2004 मध्ये झाली, 2010 मध्ये गुंडाळली.

बाकी राहिला चंद्र स्वतः. अपोलोची यानं विषुववृत्ताच्या आसपास, सकाळच्या चांगल्या उजेडात उतरली. आता जायचंय दक्षिण ध्रुवाकडे, कारण तिथल्या कायम अंधारातल्या विवरांत पाण्याचा बर्फ आहे. तिथं सूर्य क्षितिजाला टेकूनच फिरतो. छोट्या दगडाचीही सावली लांबलचक पडते, आणि सावलीत खड्डा आहे की सपाटी, हे कॅमेऱ्याला सांगता येत नाही.

आणि धूळ. अपोलो-17 मध्ये सर्नन यांचा हातोडा लागून चंद्रावर फिरायच्या गाडीच्या मागच्या चाकाचा मडगार्ड तुटला. चाकं उडवतील ती धूळ थेट दोघांच्या अंगावर. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार नकाशे डक्ट टेपनं जोडले, चिमट्यांनी मडगार्डच्या जागी बसवले आणि पुढे निघाले. हे करावंच लागलं. काळी धूळ बसली की उपकरणं ऊन शोषून तापतात. वारा-पाण्यानं कधी न घासलेले तिचे कण काचेच्या चुऱ्यासारखे धारदार असतात, हातमोजे आणि सांध्यांची सील कुरतडतात. अपोलो-17 चा मुक्काम तीन दिवसांचा होता. नव्या सूटना जास्त दिवस टिकायचंय, तेही सावलीतल्या भयंकर थंडीत.

भारतानं 2040 पर्यंत चंद्रावर माणूस पाठवायचं उद्दिष्ट ठेवलंय. त्यालाही हाच किलोचा हिशोब लागू आहे.

तेव्हा पुढची बातमी आली की रॉकेट किती उंच आणि आवाज किती मोठा, हे बाजूला ठेवा. एका यानाच्या टाकीतून दुसऱ्या यानाच्या टाकीत किती टन द्रव गेला, आणि त्यातला किती आठवड्यानंतरही शिल्लक होता, तो आकडा शोधा.