एकच ठिपका, मग ठिपकेच ठिपके : 'एलियन' आणि 'एलियन्स'

(काळोख. फक्त यंत्राची टिकटिक.)

1979 सालचा रिडली स्कॉटचा भयपट 'एलियन'. अंतराळजहाजाच्या हवेच्या डक्टमधून कप्तान डॅलस रांगत चाललाय, हातात आग फेकणारी बंदूक. बाहेर त्याची सहकारी लॅम्बर्ट एका यंत्राच्या पडद्याला डोळे लावून बसलीय. पडद्यावर दोन ठिपके. एक डॅलसचा, आणि दुसरा त्याच्याकडे सरकणारा. लॅम्बर्ट ओरडते, डॅलस गोंधळून शिडीने खाली उतरतो, टॉर्च फिरवतो. समोर दोन हात पसरलेलं काहीतरी. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दृश्य संपतं.

सात वर्षांनी आला 'एलियन्स'. हालचाल टिपणारं यंत्र इथेही आहे, आता सैनिकांच्या हातात. दारं वेल्डिंग करून बंद केलीत. त्यांच्यातला हडसन मीटरमध्ये अंतर वाचतोय आणि आकडा उतरत चाललाय. उतरता उतरता तो खोलीच्या भिंतीच्याही आत येतो, तरी खोलीत कुणीच नाही. मग एकेकाच्या माना वर जातात. छताकडे.

पहिल्या चित्रपटात प्रश्न होता, तो प्राणी आहे कुठे? दुसऱ्यात प्रश्न आहे, ते आहेत किती, आणि आपल्याकडे गोळ्या किती उरल्यात? जेम्स कॅमेरॉनने पुढचा भाग काढताना रिडली स्कॉटची भीती पुन्हा उगाळली नाही, ती याच कारणाने. प्राणी कसा दिसतो, कसा जन्मतो, त्याचं रक्त ॲसिडचं आहे, हे प्रेक्षकाला पाठ झालेलं. लपवायला उरलं होतं काय? उरली होती फक्त संख्या.

(प्राण्याचं रूप घडवणाऱ्या चित्रकार एच. आर. गिगरची रेखाटनं.)

अडचण मात्र दोघांची एकच होती. भयपटातला राक्षस हा शेवटी रबरात कोंबलेला माणूस असतो, आणि लख्ख उजेडात तो तसाच दिसतो.

स्कॉटने माणूसच असा शोधला, की माणूस वाटू नये. बोलाजी बडेजो हा नायजेरियन तरुण, उंची 6 फूट 10 इंच, अंगाने काटकुळा. गिगरने डोक्याला डोळेच ठेवले नाहीत. कुणाकडे बघतोय ते कळत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपल्याकडेच. डोक्यावर अर्धपारदर्शक घुमट, जबड्याची यंत्रणा कार्लो राम्बाल्दीची, आणि जबड्याचे ते चिकट, ताणले जाणारे स्नायू? फाडलेले काँडम. एवढं करूनही हा प्राणी अख्ख्या चित्रपटात दिसतो साधारण चार मिनिटं.

कॅमेरॉनला चार मिनिटांत भागणारं नव्हतं. त्याचे प्राणी धावणार, भिंतीवरून उतरणार, गोळ्या खाऊन कोसळणार. तो गुळगुळीत घुमट अशा धसमुसळेपणात तडकला असता, म्हणून काढून टाकला. खालची खाचाखाचांची कवटी तशीच उघडी ठेवली. चाहते त्यावर प्राण्याच्या वयाची नाहीतर प्रजातीची उत्तरं शोधत बसतात, पण खरं कारण कारागिराच्या टेबलावरचं आहे. सूटही अखंड नव्हते. काळ्या घट्ट कपड्यांवर फोमचे तुकडे चिकटवलेले, आत नर्तक आणि स्टंटवाले. तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. धूर, लुकलुकता लाल उजेड आणि झटपट कट यांच्या जोरावर त्या मूठभरांची फौज झाली. एखादं दृश्य थांबवून नीट मोजा, एका चौकटीत क्वचितच तीन-चारपेक्षा जास्त सापडतील.

(जेवणाचं टेबल.)

पहिल्या चित्रपटातलं ते जेवण, जिथे प्राण्याचं पिल्लू एकाची छाती फोडून बाहेर येतं. नट जॉन हर्टचं धड टेबलाखाली दडवलेलं, वर बसवलेली छाती खोटी. आत कसायाकडून आणलेले अवयव, रक्ताच्या नळ्या आणि खालून हाताने ढकलायचं बाहुलं. पहिल्या प्रयत्नात गंमत झाली: बाहुल्याने धडक मारली, पण टी-शर्ट फाटलाच नाही. मग कापड आधीच कातरून कमकुवत केलं आणि पुन्हा धडक. बाहेर काहीतरी येणार हे नटांना माहीत होतं, रक्त किती उडणार हे नव्हतं. लॅम्बर्ट झालेल्या व्हेरोनिका कार्टराइटच्या चेहऱ्यावर थेट पिचकारी बसली. तिची ती किंचाळी अभिनयाची म्हणावी का, हा प्रश्नच आहे.

दुसऱ्या चित्रपटात हेच मरण परग्रहावरच्या माणसांच्या वसाहतीतल्या एका बाईच्या वाट्याला येतं. प्रसंग थोडक्यात आटोपतो, आणि तेच बरोबर आहे. धक्का एकदाच बसतो. कॅमेरॉन तो पुन्हा देत नाही, त्यातून पुढची आग पेटवतो.

जागेतही हाच फरक. स्कॉटचं जहाज शेपर्टन स्टुडिओत उभं राहिलं: बुटकी छतं, अरुंद बोळ, सात माणसं, एक मांजर. कॅमेरॉनने प्राण्यांचं पोळं लंडनमधल्या ॲक्टनच्या बंद पडलेल्या वीजकेंद्रात बसवलं. लोखंडी जाळ्या आणि खोल पोकळ्या तिथे तयारच होत्या. ॲस्बेस्टॉस मात्र आधी काढावा लागला.

'एलियन्स'ची 137 मिनिटांची मूळ आवृत्ती आणि 154 मिनिटांची लांब आवृत्ती यांत आमचं मत मूळ आवृत्तीला. लांब आवृत्तीत वसाहत हल्ल्याआधीच हसतीखेळती दिसते, आणि सैनिक रिकाम्या बोळांतून फिरतात तेव्हाचा ताण अर्धा होतो. पण आपोआप झाडणाऱ्या बंदुकांचं दृश्य त्याच आवृत्तीत आहे आणि ते गेलं याची हळहळ वाटते. प्राणी दिसतो न दिसतो, नुसता गोळ्यांचा आकडा खाली येत राहतो. निव्वळ वजाबाकीने एवढं घाबरवणं सोपं नाही.

(राणी. संथ गतीने, पायांपासून वर.)

राणी, म्हणजे अंडी घालणारी या प्राण्यांची आई, मात्र पूर्णपणे कॅमेरॉनची. 14 फूट उंच. पैसा ओतण्याआधी राक्षस घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेत चाचणी झाली ती कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांची आणि हातांच्या जागी स्कीच्या काठ्यांची. दोन माणसं क्रेनला लटकवली, पिशव्या गुंडाळल्या, लांबून बघितलं. जमतंय! खऱ्या बाहुलीतही आत दोन माणसं हात हलवत, डोकं हायड्रॉलिकवर, पाय बाहेरून दांड्यांनी आणि सगळा भार वर क्रेनवर.

राणी बिशप या यंत्रमानवाचे दोन तुकडे करते तेव्हा उडणारं पांढरं रक्त म्हणजे दूध आणि दही. दिव्यांच्या उष्णतेत ते नासलं आणि बिशप झालेला लान्स हेनरिक्सन आजारी पडला.

राणीशी होणाऱ्या शेवटच्या झुंजीत नायिका रिप्लीचं ते पिवळं माल उचलणारं यंत्रही स्वतःच्या पायांवर उभं राहू शकत नव्हतं. आधार वरून, आणि रिप्ली झालेल्या सिगर्नी वीव्हरच्या पाठीमागे यंत्रातच दडलेला एक दणकट माणूस त्याचे हातपाय हलवतोय. म्हणजे दोन लटकत्या बाहुल्यांची मारामारी. ती बघताना एवढंच करा: रिप्लीचा चेहरा जवळून दिसला की पूर्ण आकाराचं यंत्र, आणि दोघी डोक्यापासून पायांपर्यंत एका चौकटीत आल्या की बहुतेक वेळा छोटी प्रतिकृती.

(काळोख. टिकटिक.)