होडीच्या पोटात काय भरायचं?

मंडळी, विषय आहे घरी बांधायच्या कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीत, लाकडाऐवजी कसला गाभा चालेल. त्याआधी हा तुकडा पहिल्या रांगेपासून फिरवा. ओळखा काय आहे ते. नाही, चिक्की नाही. (हशा) माझ्या पहिल्या कयाकचा हा उरलेला भाग.

2018 साली थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा आमच्या माळ्यावर गणपतीच्या मखरासाठी आणलेल्या सहा जाड शीट पडून होत्या. ही म्हणाली, "टाका तरी, नाहीतर कामाला तरी लावा." लावल्या. तापलेल्या तारेनं कापल्या, जोडल्या, घासल्या. महिनाभर घरात पांढरे दाणे, आमटीतसुद्धा. मग वरून चढवायचं फायबरचं कापड आणि ते चिकटवून कडक करणारं रेझिन आणायला गेलो. मी इपॉक्सी रेझिन मागितलं. दुकानदार म्हणाला, "कशाला साहेब? पॉलिएस्टर घ्या. स्वस्त, आणि चिकटतं सगळ्याला." घेतलं. गच्चीवर ब्रशचा पहिला हात फिरवला आणि चर्र आवाज आला. कापड होतं तिथंच, खालची होडी मात्र खचायला लागली. मी घाईघाईनं आणखी रेझिन ओतलं. (हशा) हसा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरिन. सख्खं नातं, भेटले, विरघळले. इपॉक्सीत स्टायरिन नसतं. एवढं कळायला मला एक होडी लागली.

लाकडाशिवाय कयाक कसली, असं आमचे सुतारमित्र म्हणतात. अहो, ज्यांनी कयाक घडवली त्या ग्रीनलंडच्या इनुइटांकडे जंगल कुठलं? वाहून आलेल्या ओंडक्यांची, हाडांची चौकट आणि वर सीलचं कातडं. ते असो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

लाकडी पट्ट्या जोडून केलेल्या कयाकमध्ये आतून-बाहेरून फायबर असतं, मधे 6 मिलिमीटर सीडर, म्हणजे हलकं लाकूड. गाभ्याचं मुख्य काम फायबरच्या दोन थरांना लांब ठेवायचं आणि सरकू द्यायचं नाही. चार चौरस मीटरला सीडर साधारण नऊ किलो. घनमीटरला 80 किलो घनतेचा, तेवढ्याच जाडीचा पीव्हीसी फोम दोन किलोच्या आत. लगेच खूश होऊ नका! सीडर स्वतःही भार घेतं. फोम घेत नाही, म्हणून कापड वाढवावं लागतं. वर त्याची भोकं रेझिन पितात. वाचवलेल्यातलं बरंच तिथं जातं. शिवाय लाकडी पट्टी आपोआप सुंदर वळते, फोमला आधाराचे साचे एकमेकांच्या जवळ लावावे लागतात. बुचाचा गाभा मऊ पडतो आणि जड होतो. बांधकामवाल्यांची रंगीत एक्सपीएस शीट, म्हणजे पॉलिस्टायरिनचाच घट्ट फोम, इपॉक्सीखाली चालते, पण टाचेखाली, सीटखाली दबते. तिथं लाकूड बसवा. माझं मत विचाराल तर वरचा डेक फोमचा, तळ लाकडाचा. दगडावर आपटतो तो तळच.

संपलं. प्रश्न बाहेर चहावर. आणि तो तुकडा कोणत्या रांगेत अडकलाय? परत द्या, घरी मोजून ठेवलाय.