झोप आली म्हणजे गोळी लागू पडली?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'औषधांमुळे येणारी झोप आणि उपाय'. उपाय सांगणारच आहे, पण आधी कित्येक वर्षं मनात बसलेली एक गोष्ट सांगू द्या. मी डॉक्टर नाही, औषध दुकानदार आहे. आणि दुपारी तांबडा-पांढरा ओरपून आलेत त्यांनी डुलकी लागली तर गोळीवर ढकलू नये.

गळिताचा हंगाम होता. रात्री नऊला शटर ओढायच्या बेतात होतो, तेवढ्यात एक पोरगा आला. नाक वाहतंय, डोळे लाल. "काका, कायतरी कडक द्या." मी सर्दीची नेहमीची गोळी दिली: पॅरासिटॅमॉल, नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन, ज्याला आम्ही काउंटरवर सीपीएम म्हणतो. जेवून घे म्हटलं आणि दुकान बंद केलं. बाहेर दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर उभा होता. मला तो दिसत होता, तरी मी काही विचारलं नाही.

एकीनं काय होतंय म्हणून त्यानं दोन घेतल्या. मध्यरात्री कारखान्याच्या अलीकडं मागची ट्रॉली चरीत गेली आणि ऊस रस्ताभर पसरला. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून निभावलं. चार दिवसांनी पोरगा परत आला, हात गळ्यात बांधलेला. मला वाटलं आता भांडणार. तर म्हणाला, "काका, गोळी लई भारी हुती. काय झोप लागली! आणि एक पाकीट द्या."

माझं आजचं सगळं भाषण या वाक्याबद्दल आहे. झोप आली म्हणजे औषध अंगी लागलं, असं त्याला मनापासून वाटत होतं. सुस्ती नाही आली तर "गोळीत दम नाही" म्हणणारी माणसं मला रोज भेटतात.

आता हे होतं कसं ते बघा. ॲलर्जीत नाक वाहायला लावतं ते हिस्टामिन. तेच हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागं ठेवतं. सीपीएमसारख्या जुन्या गोळ्या रक्तातून मेंदूत शिरतात आणि तिथलंही त्याचं काम थांबवतात. नाकाचा त्रास कमी करायला घेतलेली गोळी डोकंही मंद करते ती अशी. मोठ्या माणसाच्या अंगातली निम्मी सीपीएम उतरायला सरासरी 20 तासांच्या आसपास लागतात. म्हणजे रात्री घेतली तरी सकाळी फुलेवाडीहून गाडी काढून गगनबावड्याचा घाट उतरताना ती अंगात असते. झोप आल्यासारखं वाटलं नाही तरी हात-पाय उशिरा हलतात. शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळीला भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्याला हे कुणी सांगायचं? पट्टीवरची अक्षरं तर भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. म्हणून सांगायचं काम आमचं, दुकानदारांचं. "गाडी चालवणार का, मशीनवर काम आहे का" एवढं विचारायला किती वेळ लागतो?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. भरभर सांगतो.

गाडीवर बसणाऱ्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगून झोप कमी आणणारी गोळी मागावी. फेक्सोफेनाडिनने सुस्ती फारच कमी येते, मात्र ती पाण्याबरोबर घ्या. संत्रा-सफरचंदाच्या रसाबरोबर ती अंगात नीट शोषली जात नाही. सेटिरिझिन नव्या पिढीतली म्हणून बिनधास्त घेतात, पण तिनेही काहींना झोप येते. सर्दीची गोळी आणि खोकल्याचं औषध एकत्र घेताना दोन्हींत तेच औषध नाही ना, हे दुकानात विचारा. वर दारू तर अजिबात नको. चहाने डोळे उघडतील, पण स्टेअरिंगवर बसायचा तो परवाना नव्हे.

मधुमेहात पायाची आग होते म्हणून दिलेली प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलीन यांची गुंगी बऱ्याचदा आठ-पंधरा दिवसांत कमी होते. तोवर गाडी दुसऱ्याला चालवू द्या. फिटच्या, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या सुस्ती येते म्हणून मनानं एकदम बंद करू नका; वेळ किंवा डोस डॉक्टरच बदलतील. साखरेची गोळी घेणाऱ्याला घाम फुटून गुंगी आली तर झोप समजून आडवं करू नका, आधी साखर तपासा. म्हातारी माणसं रात्री लघवीला उठताना पडतात, त्यांच्या गोळ्यांकडे जास्त लक्ष द्या.

वेळ संपली. ते मागे पिशवीतून पट्ट्या घेऊन आलेले मामा, उठू नका, मीच येतो तिकडं. सगळ्या पट्ट्या बाहेर काढून ठेवा.