चार पट्ट्या, शंभर पट्ट्या

[पडद्यावर आलेखाचा कागद. एक्स-वर्गाचा वक्र, ० ते १.]

या वक्राखालचं क्षेत्रफळ काढायचंय. लांबी गुणिले रुंदी चालणार नाही, वरची कड वाकडी आहे. म्हणून उभ्या चार पट्ट्या पाडू, प्रत्येक पाव एकक रुंद. उंची डाव्या कडेला मोजली तर बेरीज ०.२१८७५, उजव्या कडेला मोजली तर ०.४६८७५. वक्र चढता आहे, त्यामुळे पहिली बेरीज कमी पडते, दुसरी जास्त भरते.

दोन्हींतला फरक बरोबर ०.२५. म्हणजे शेवटची, सगळ्यात उंच पट्टी: पाव रुंद, एक उंच. शंभर पट्ट्या पाडल्या की तीच पट्टी उरते ०.०१ची, आणि बेरजा येतात ०.३२८३५ आणि ०.३३८३५. पट्ट्या वाढवत नेल्या की दोघी एक तृतीयांशाला येऊन भिडतात. हेच निश्चित संकलन, कॉलेजच्या भाषेत डेफिनिट इंटिग्रल.

[पडद्यावर संकलनाचं चिन्ह.]

लायब्निझने १६७५ साली वापरलेलं हे चिन्ह म्हणजे ताणलेला ‘एस’, लॅटिन ‘सुम्मा’मधला. सुम्मा म्हणजे बेरीज. चिन्हापुढे उंचीचं सूत्र लिहितात, आणि शेवटी येणारा ‘डीएक्स’ ही पट्टीची रुंदी. तो गाळला तर नुसत्या उंच्या उरतात.

शंभर पट्ट्या दरवेळी कोण मांडत बसणार? विकलन, म्हणजे बदलाचा दर काढणं, उलटं फिरवलं की एक्स-घन भागिले ३ मिळतं. त्यात १ ठेवा, ० ठेवा, वजा करा: एक तृतीयांश. उलटं फिरवताना जोडावा लागणारा स्थिरांक, ‘अधिक सी’, वजाबाकीत उडतो.

पण ही पळवाट डोळे मिटून धरली की फसगत होते. १ भागिले एक्स-वर्ग, उणे १ ते १. सूत्राने उत्तर येतं उणे २. पट्ट्या सगळ्या अक्षाच्या वर, मग बेरीज उणे कशी? शून्यापाशी फंक्शन तुटतं, उंची आभाळाला जाते. तिथे हे सूत्र लागूच होत नाही.

साइनचं ० ते २ पाय (π) संकलन शून्य येतं, ते मात्र बरोबर आहे: वरचे २, खालचे उणे २. क्षेत्रफळच विचारलं असेल तर पायपाशी तोडा. उत्तर ४.

[पडद्यावर: २ एक्स गुणिले (एक्स-वर्ग अधिक १)चा घन, ० ते २.]

परीक्षेत गुण जातात ते इथेही. सोपं करायला एक्स-वर्ग अधिक १ला ‘यू’ म्हटलं की सीमाही, म्हणजे कुठून कुठपर्यंत, बदलतात: ० चा १, २ चा ५. उत्तर १५६. जुन्याच सीमा ठेवल्या तर ४. आता पट्ट्या आठवा: एक्स १ असताना उंची १६, पुढे ती वाढतच जाते. नुसत्या १ ते २ या भागातच १६ पेक्षा जास्त क्षेत्रफळ आहे.