नोंद होती, पुरावा नाही

(दृश्य : अभिलेखागारातील टेबल, पिवळी पडलेली नोंदवही, रकान्यांवरून हळूहळू सरकणारा कॅमेरा)

या पानावर एकेका माणसासाठी एकेक ओळ आहे. नाव, बापाचे नाव, जमात, अंगावरच्या ओळखीच्या खुणा, राहण्याचे ठिकाण आणि बोटांचे ठसे. या वहीत नाव येण्यासाठी कोणताही गुन्हा शाबीत व्हावा लागत नसे. सरकारने अधिसूचित केलेल्या जमातीत जन्म झालेला असणे एवढे कारण पुरेसे होते.

1871 साली ब्रिटिश सरकारने क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा संमत केला. आरंभी तो पंजाब, वायव्य प्रांत आणि अवध या उत्तरेकडील भागांत लागू झाला. 1876 मध्ये तो बंगालात गेला आणि 1911 च्या सुधारित कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांसह सगळा ब्रिटिश हिंदुस्थान त्याच्या कक्षेत आला. सुतार जसा पिढीजात सुतार असतो, तसा काही जमातींचा पिढीजात धंदाच गुन्ह्यांचा असतो, ही समजूत त्यामागे होती. अपराध हा माणसाच्या कृत्यात नसून त्याच्या रक्तात असतो, असे मानणाऱ्या वंशशास्त्राचा तो काळ होता. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून इथल्या जातींची वांशिक प्रतवारी लावण्याचा उद्योग केला होता, आणि 1897 मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय सुरू झाले होते. 1911 च्या कायद्याने अधिसूचित जमातींतील माणसांचे ठसे घेण्याचा अधिकार प्रशासनाला दिला आणि या वहीतला तो शेवटचा रकाना भरू लागला.

हा कायदा प्रत्यक्षात कसा राबवला जाई, हे थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण पुढच्या शंभर वर्षांची रीत त्यातच ठरली आहे. एखादी जमात गुन्हेगार असल्याचे सरकारने राजपत्रात जाहीर केले की त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येत नसे. त्यानंतर जिल्हा दंडाधिकारी त्या जमातीतील माणसांची नोंद करण्याचा आदेश काढी आणि ठरलेल्या जागी ठरलेल्या दिवशी हजर राहून आपली माहिती देणे प्रत्येकाला बंधनकारक होई. एकदा नाव चढले की ठरावीक वेळांना हजेरी द्यावी लागे, राहण्याची जागा बदलली तर कळवावे लागे आणि नेमून दिलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचे असेल तर पास घ्यावा लागे. नात्यातल्या लग्नाला, बाजाराला, मयताला जाण्यासाठीही. पासाशिवाय सापडलेल्या माणसाने चोरी केली होती की नाही हा प्रश्नच उद्भवत नसे. त्याचे तिथे असणे हाच अपराध ठरे. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान 7 वर्षे कैद आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळ्या पाण्याची, अशी तरतूद होती. इतर प्रजाजनांना त्याच गुन्ह्यांसाठी ही सक्ती नव्हती. 1924 च्या एकत्रित कायद्यात सहा ते अठरा वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहवजा वसाहतींत ठेवण्याचाही अधिकार सरकारकडे होता.

(दृश्य : सोलापूर. आजच्या वस्तीतील गल्ल्या, जुन्या बांधकामाचे अवशेष, नळावरची गर्दी)

हे सोलापूर आहे. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी ज्या वसाहती उभारल्या गेल्या, त्यांना सगळे सेटलमेंट म्हणत, आणि इथले जुने रहिवासी आजही तोच शब्द वापरतात. तारेच्या कुंपणाच्या आत कैकाडी, टकारी, भामटा, कंजारभाट, पारधी अशा जमातींची कुटुंबे ठेवलेली होती. सोलापूरच्या कापड गिरण्यांना मजूर हवे होते आणि कुंपणाच्या आत माणसे होती. दिवसा गिरणीत काम आणि नेमल्या वेळी हजेरी असा तो दिनक्रम होता. देशाच्या इतर भागांत अशा अनेक वसाहती सरकारने मुक्ती फौजेसारख्या मिशनरी संस्थांकडे चालवायला दिल्या होत्या. त्यांत शाळा होत्या, हातमाग होते, प्रार्थना होत्या. सुधारणेचा हेतू बाळगणारी माणसे त्यांत नक्कीच होती. परंतु ज्याला फाटकाबाहेर जायला परवानगी लागते त्याला शिकवलेल्या शिस्तीला सुधारणा म्हणणे मला मान्य नाही.

आता या वस्त्यांना सेटलमेंट फ्री कॉलनी म्हणतात. घरे पक्की झाली आहेत, गल्ल्यांना क्रमांक आहेत.

(दृश्य : मिरवणूक, हलगी, निळ्या-पिवळ्या पताका, पुढे चालणाऱ्या बंजारा स्त्रिया)

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला. 26 जानेवारी 1950 ला राज्यघटना अमलात आली आणि कायद्यापुढे सर्व समान असल्याचे तिच्या चौदाव्या अनुच्छेदाने सांगितले. काही प्रांतांनी गुन्हेगार जमाती कायदा त्याआधीच मोडीत काढण्याची पावले उचलली होती, आणि 1949 साली नेमलेल्या अनंतशयनम अय्यंगार समितीने तो देशभरातून रद्द करण्याची शिफारस केली. प्रत्यक्षात तो रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 रोजी. त्यातून सुटलेल्या जमातींना तेव्हापासून विमुक्त म्हणतात. म्हणून ही मिरवणूक ऑगस्टच्या अखेरीस निघते, आणि या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात.

कायदा गेला, पण त्याची जागा रिकामी राहिली नाही. राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे केले. मुंबई राज्याचा असा कायदा 1959 चा आहे. कागदावर हे कायदे जमातीला नव्हे, व्यक्तीला लागू होतात. त्याच वर्षी मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदाही केला, आणि त्यातील भीक मागण्याच्या व्याख्येत सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे आणि किरकोळ वस्तू विकायला पुढे करणे यांचाही समावेश आहे. डोंबारी, गोपाळ, मसणजोगी, जोशी, वासुदेव या भटक्या जमातींचा पिढ्यान् पिढ्यांचा उदरनिर्वाह या एका व्याख्येत येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्यांची शिकार आणि अस्वल खेळवणाऱ्या दरवेशांचे पोट बेकायदा ठरले. वन्यजीवांचे रक्षण आवश्यकच होते. मात्र ज्यांची उपजीविका त्या दिवशी गेली त्यांना पर्याय देण्याचे कलम त्या कायद्यात नव्हते.

(दृश्य : तहसील कार्यालयाचा व्हरांडा. खिडकीसमोर रांग, प्लास्टिकच्या पिशवीतले कागद)

या चित्रपटाचा मुख्य विषय या व्हरांड्यात आहे.

21 नोव्हेंबर 1961 रोजी महाराष्ट्र शासनाने विमुक्त जाती आणि भटक्या जमातींची यादी निश्चित केली. 14 विमुक्त जाती : बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी आणि छप्परबंद. शिवाय 28 भटक्या जमाती. राज्याने आज या प्रवर्गांना चार गटांत मिळून 11 टक्के आरक्षण दिले आहे, आणि देशातील बहुतेक राज्यांनी यांची स्वतंत्र दखलही घेतलेली नसताना महाराष्ट्राने ती घेतली, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. पण आरक्षणापर्यंत जाण्याचा रस्ता जातीच्या दाखल्यातून जातो. या प्रवर्गाच्या दाखल्यासाठी आपले कुटुंब 21 नोव्हेंबर 1961 रोजी किंवा त्याआधी महाराष्ट्रात वास्तव्याला होते हे दाखवावे लागते. त्यासाठी वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल, सातबारा उतारा किंवा तत्सम महसुली कागद मागितला जातो.

1961 साली ज्यांचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होते, ज्यांना गावात तीन दिवसांपेक्षा जास्त टिकू दिले जात नव्हते, ज्यांची मुले शाळेच्या पटावर नव्हती आणि ज्यांच्या नावावर एक गुंठा जमीन नव्हती, त्यांच्या नातवंडांनी हा कागद आणायचा आहे. कागदच नसेल तर स्थानिक चौकशी करून दाखला देण्याची सोय नियमांत आहे. परंतु चौकशीसाठी आलेल्या माणसाला अर्जदार त्या पत्त्यावर सापडावा लागतो, आणि पाल, म्हणजे त्याची राहुटी, उठून दुसऱ्या गावच्या माळावर गेलेले असेल तर अर्जदार सापडला नाही हा शेरा ठरलेला असतो. ज्या शासनव्यवस्थेने यांच्या आजोबांचे बोटन् बोट कागदावर उतरवून घेतले, ती आज त्यांच्याकडेच ओळखीचा पुरावा मागते आहे, ही विसंगती मला या विषयातील सर्वांत मोठा अन्याय वाटते. नियंत्रणासाठी नोंद ठेवणे जमले, तर हक्कासाठी ती शोधून देणेही प्रशासनाचेच काम असायला हवे.

(दृश्य : नकाशा, विदर्भाची सीमा, नंतर बुरूड कामासारखे टोपल्या विणणारे हात)

पडद्यावर टोपली विणणारे हे हात कैकाडी समाजातील आहेत. अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि राजुरा तालुका वगळून चंद्रपूर या जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत मोडतात. उरलेल्या महाराष्ट्रात ते विमुक्त जातीत आहेत. 1976 च्या दुरुस्ती कायद्याने अनेक जाती-जमातींवरची अशी क्षेत्रबंधने उठवली, पण ही राहिली. एकाच आडनावाचे, सोयरीक असलेले दोन भाऊबंद, आणि मधे एक जिल्ह्याची हद्द. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे. ज्यांचे जगणेच जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या सीमा ओलांडत गेले, त्यांचे हक्क मात्र सीमेपाशी बदलतात.

केंद्राने यावर आयोग नेमले. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 2008 मध्ये अहवाल दिला आणि या समूहांची लोकसंख्या 10 ते 11 कोटींच्या घरात असल्याचा अंदाज मांडला. भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने पुढे आणखी एक अहवाल दिला आणि अडीचशेहून अधिक जमाती अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्ग यांपैकी कोणत्याच सूचीत नाहीत हे निदर्शनास आणले. 2019 मध्ये कल्याण मंडळ स्थापन झाले. फेब्रुवारी 2022 मध्ये शिक्षण, आरोग्य विमा, उपजीविका आणि घरकुल यांसाठी ‘सीड’ ही योजना सुरू झाली. तरतूद पाच वर्षांसाठी 200 कोटी रुपये. योजना सर्वांसाठी नाही, उत्पन्नाची अट आहे, हे मान्य करूनही ही रक्कम रेणके आयोगाच्या अंदाजाने भागली तर माणशी वर्षाला चार रुपयेही पुरते येत नाहीत.

(दृश्य : रिकामा आठवडी बाजार, ग्रामपंचायतीची इमारत)

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले.

वांशिक भेदभाव निर्मूलनासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2007 मध्येच भारताला सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे रद्द करून या समूहांचे पुनर्वसन करण्यास सुचवले होते. जात म्हणजे वंश नव्हे, ही भारताची भूमिका कायम राहिली. मात्र 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिआधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. भटक्या-विमुक्तांकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहणारी वसाहतकालीन दृष्टी त्या नियमावल्यांत अजून जिवंत असल्याचे त्या निकालात स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. निकालाचा मुख्य भर तुरुंगाच्या आतल्या नियमांवर आहे, आणि विमुक्त जमातींतील माणसांना मनमानी अटक होऊ नये असेही त्यात पोलिसांना बजावले आहे. गस्तीच्या रजिस्टरात आणि ठाण्यातल्या तोंडी सूचनांत काय चालते, ते अजून कोणत्या नियमावलीत लिहिलेलेच नाही.

(दृश्य : माळावरची पालं, चुली, तीन दगडांवरचे भांडे, शाळेच्या गणवेशातील दोन मुली)

30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातनिहाय मोजणी करण्याचे जाहीर केले. या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. 1931 नंतर प्रथमच देशाच्या जनगणनेत सर्व जातींचे आकडे काढले जातील, आणि विमुक्त-भटक्यांच्या संघटनांची मागणी आहे की या समूहांसाठी प्रश्नावलीत स्वतंत्र रकाना असावा. ही मागणी तातडीची आहे. बेघर कुटुंबांची मोजणी प्रघाताप्रमाणे फेब्रुवारीच्या शेवटच्या एका रात्रीत उरकली जाते. त्या रात्री माळावर पोहोचलेल्या प्रगणकाने फासेपारध्याला नुसते पारधी लिहिले, किंवा मसणजोग्याला भिकारी म्हणून सोडून दिले, तर पुढची किमान दहा वर्षे धोरण त्याच आकड्यांवर चालेल. हे टाळण्यासाठी जनगणनेतील जातींच्या संकेतांकांच्या यादीत या सर्व जमातींची प्रचलित नावे पोटनावांसह आली पाहिजेत, पालांच्या मुक्कामांची माहिती गावपातळीवर आधीच गोळा झाली पाहिजे, आणि त्या रात्री प्रगणकासोबत पोलीस नव्हे, तर त्याच समाजातील शिकलेला तरुण किंवा तरुणी असली पाहिजे.