गंजलेल्या व्हाइसची पकड

श्रोतेहो, नमस्कार.

घरी थोडंफार फिटिंगचं काम करणाऱ्यांशी, किंवा करायची हौस असणाऱ्यांशी, आज मी बेंच व्हाइसबद्दल बोलणार आहे, म्हणजे टेबलाला बसवलेल्या, दांडा फिरवला की स्क्रूने आवळून दोन जबड्यांत वस्तू घट्ट धरणाऱ्या पकडीबद्दल. नवाकोरा नव्हे. जुना, गंजून तांबडा पडलेला, दांडा हलत नाही असा व्हाइस. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारलीत, तर असा एखादा तुम्हाला दिसेल. बंद पडलेल्या वर्कशॉपच्या सामानात असतो, गावच्या घराच्या माळ्यावर असतो, भंगारवाल्याच्या काट्याशेजारी तर असतोच. तो किलोच्या भावाने जातो आणि भट्टीत वितळतो. मला याचं वाईट वाटतं, कारण त्यातले बरेचसे व्हाइस चांगले असतात. गंज हा व्हाइसचा सगळ्यात किरकोळ दोष आहे.

मोठे दोष गंजाखाली लपलेले असतात, म्हणून पैसे देण्याआधी ते शोधायचे. व्हाइसचं अंग बहुतेक वेळा बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. साध्या बिडात कार्बन साधारण अडीच ते चार टक्के असतो, आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. त्यामुळे बीड दाब भरपूर सोसतं, ठोक्यांची थरथर जिरवतं, पण ओढ आणि घाव त्याला सोसत नाही. ते वाकत नाही, थेट तडकतं. तेव्हा जबड्याच्या मुळाशी, सरकत्या भागाच्या कोपऱ्यांत आणि बोल्टच्या कानांपाशी बोट फिरवून बघा. तडा असेल, किंवा जुन्या वेल्डिंगचा गठ्ठा दिसला, तर तो व्हाइस सोडून द्या. बिडाचं वेल्डिंग जमवणं अवघड, आणि जबड्यावर तर सगळा जोर येतो.

दांडा फिरत असेल तर आणखी एक तपासणी करा. एका दिशेने आवळा, मग उलटा फिरवा, आणि जबडा हलायला लागेपर्यंत दांडा किती रिकामा फिरतो ते बघा. पाव फेऱ्याच्या आत असेल तर उत्तम. जास्त असेल तर आतला नट झिजला आहे. पण म्हणून लगेच नाकारू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीत किंवा तुमच्या जवळच्या एमआयडीसीत लेथवाला असा नट करून देऊ शकतो. दांडा हरवलेला असणं, जबड्याच्या पट्ट्या गुळगुळीत झालेल्या असणं, हे तर काहीच नाही.

आता घरी आणलेला व्हाइस. इथे बहुतेकांचा हात आधी हातोड्याकडे जातो, आणि तिथेच बीड फुटतं. आटे का जाम होतात ते लक्षात घ्या. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. स्क्रू आणि नट यांच्या बारीक फटीत तो पाचरीसारखा घट्ट बसतो. पाचर घाव घालून निघत नाही, ती ढिली करावी लागते. रॉकेल किंवा डिझेल, नाहीतर दुकानात मिळणारं गंज सोडवणारं तेल सांध्यांवर सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा. मग दांडा थोडा पुढे, थोडा मागे. पुढे जाण्यापेक्षा मागे येणं महत्त्वाचं, कारण त्यातूनच गंजाचा चुरा बाहेर पडतो. दांड्यात लांब पाइप घालून जोर लावू नका. बीड तापवून त्यावर पाणी तर मुळीच ओतू नका.

स्क्रू पूर्ण उलटा फिरवला की पुढचा जबडा स्क्रूसकट बाहेर येतो. एक हात खाली धरा. चार इंची व्हाइसचा जबडासुद्धा पायाचं बोट मोडायला पुरेसा जड असतो. नट एखाद्या बोल्टने किंवा पिनने बसवलेला असतो, तोही काढा. जबड्यांच्या पट्ट्यांचे स्क्रू सगळ्यात जास्त त्रास देतात. त्यांच्या खाचेतला गंज आधी टोकदार खिळ्याने साफ करा, खाचेत नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, त्याच्या डोक्यावर हलके ठोके देत वळवा. सुटा झालेला प्रत्येक भाग कसा बसला होता त्याचा फोटो काढून ठेवा.

रंग खरवडण्याआधी एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तुमच्या व्हाइसवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा असणार. तो कोरडा घासून धूळ उडवू नका. रंग काढायचं रसायन लावा, ओलं खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा, आणि लहान मुलं खेळतात त्या अंगणात हे काम करू नका. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावणार असाल तर गॉगल हवाच. त्याच्या तारा तुटून सुटतात आणि डोळ्याकडे येतात.

गंज उतरवायला मला सगळ्यात आवडते ती विजेची पद्धत. प्लास्टिकच्या मोठ्या बादलीत पाणी, दर चार लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा. १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर घ्या. त्याची ऋण तार व्हाइसच्या भागाला जोडा, धन तार लोखंडाच्या एखाद्या टाकाऊ पट्टीला. दोन्ही पाण्यात ठेवा, पण एकमेकांना टेकू देऊ नका. मगच चार्जर सुरू करा. पट्टी साध्या लोखंडाचीच हवी. स्टेनलेस स्टील वापरलं तर क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ घातलं तर क्लोरीन वायू निघतो. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, म्हणून हे उघड्यावर करायचं, ठिणगी आणि विडी-सिगारेट लांब ठेवायची, आणि पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद करायचा. व्हाइसची जी बाजू पट्टीसमोर असते तिथला गंज आधी सुटतो, तेव्हा मधूनमधून भाग फिरवून ठेवा. या पद्धतीत चांगलं लोखंड खाल्लं जात नाही, म्हणून ती मला आम्लापेक्षा बरी वाटते.

हे सगळं जमवणं शक्य नसेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व चालतं. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम घ्या. भाग बुडवा, थोड्या थोड्या वेळाने बघत राहा. स्प्रिंग मात्र दोन्ही पद्धतींत घालू नका. कडक पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं. स्प्रिंग हाताने घासून साफ करा.

धुऊन काढलेलं उघडं लोखंड काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतं. म्हणून शेवटचं पाणी कढत वापरा, लगेच पुसा, ड्रायरने कोपरे सुकवा आणि तेलाचा हात फिरवा. जिथे रंग द्यायचा तिथलं तेल नंतर थिनरने पुसून घ्या. आधी रेड ऑक्साइड प्रायमर, मग एनॅमल. सरकते पृष्ठभाग, आटे आणि पट्ट्यांची बैठक यांवर रंग नको. ओतीव अक्षरं ग्राइंडरने सपाट करू नका. त्यांत बनवणाऱ्याचं नाव असतं, मापाचा आकडा असतो. जुन्या छिन्नीच्या खुणाही मी तशाच ठेवतो. कुणीतरी त्यावर उभं आयुष्य काम केलेलं असतं.

जोडल्यावर जबडे समांतर आहेत का ते वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्यांनी कळतं. दोन्ही टोकांना एकेक पट्टी धरून आवळा आणि ओढून बघा. दोन्ही सारख्याच घट्ट हव्यात. एक सुटून आली तर जबड्याच्या पट्टीमागे कचरा अडकला असण्याची शक्यता जास्त. नटात ग्रीस, उघड्या आट्यांवर फक्त तेलाचा पातळ हात, कारण जाड ग्रीसला कानशीचा चुरा चिकटतो आणि तोच आटे खातो.

बसवताना जबड्याचा वरचा काठ तुमच्या कोपराच्या उंचीला यायला हवा. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना कानस चालवायला शिकवतात तेव्हाही हीच उंची सांगतात, कारण त्याहून खाली काम गेलं की पाठ धरते आणि वर गेलं की हात तरंगतो. मागच्या जबड्याचा पृष्ठभाग टेबलाच्या काठाच्या किंचित बाहेर ठेवा, म्हणजे लांब पाइप उभा धरता येतो. लाकडी स्क्रूंवर भरवसा ठेवू नका. आरपार बोल्ट घ्या आणि फळीखाली लोखंडी पट्टी लावा. पितळ किंवा ॲल्युमिनियमचं काम धरायचं असेल तर जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या अँगलचे तुकडे बसवा, वस्तूवर दात उमटत नाहीत.

कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेमुळे गंज लवकर धरतो. मे महिन्याच्या शेवटी व्हाइस खोला, आटे पुसून तेल द्या, आणि पावसाळ्यात जबडे करकचून मिटलेले ठेवू नका. मधे थोडी फट राहिली की तिथे ओल अडकून बसत नाही. नमस्कार.