कालनिर्णयावरचा त्रास

कॅन्सरच्या रुग्णाने आपला त्रास घरबसल्या मोबाइलवरून कळवावा आणि उपचार करणाऱ्यांनी तो त्याच दिवशी वाचावा, या विषयावर मला आज बोलायचे आहे. मात्र आकड्यांकडे जाण्याआधी आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाविषयी सांगू द्या, कारण या विषयाकडे मी त्याच्यामुळेच वळले.

आईची केमो दर २१ दिवसांनी असे. आमच्याकडे दुधाचा हिशेब तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहितात. गॅसचा सिलिंडर कधी लावला तेही तिथेच, आणि आपल्यापैकी अनेकांकडे हेच चालत असेल. पहिल्या केमोनंतर दुधाच्या आकड्याखाली आईचे बारीक अक्षर दिसू लागले : ‘जुलाब ४’, ‘तोंड आले, नुसती पेज’, ‘बोटांना मुंग्या’. नवव्या दिवशी ‘कसकस’ एवढेच होते. दहाव्या दिवसाची चौकट कोरी राहिली, कारण त्या रात्री थंडी वाजून तिला ताप भरला, आम्ही रिक्षाने इस्पितळ गाठले आणि पांढऱ्या पेशी फार उतरल्याचे तिथे कळले. त्यातून ती सावरली. पुढच्या केमोआधी डॉक्टरांनी मान वर न करता ‘कशा आहात आजी?’ असे विचारले, आईने पदर सावरत ‘बरी आहे’ म्हटले आणि केसपेपरवर ‘तक्रार नाही’ अशी नोंद झाली. बाहेर केवढी रांग ताटकळली होती ते मी पाहिले होते, तरी तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. मुंग्या वाढत वाढत तिला वाती वळता येईनाशा झाल्या, तेव्हा कुठे औषधाची मात्रा कमी झाली. सगळे लिहिलेले होते. पण भिंतीवरचा कागद दवाखान्यात पोहोचत नव्हता.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा भरभर सांगते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात डॉ. ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी शरीरात पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांवर चाचणी घेतली. एका गटाने १२ नेहमीच्या लक्षणांची माहिती संगणकावरून भरली आणि त्रास बळावला की परिचारिकेला ईमेल जाई. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गटाचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, ३१.२ महिने, तर नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्यांचे २६ महिने होते. यातले माझ्या दृष्टीने महत्त्वाचे वाक्य वेगळेच आहे : आलेल्या सूचनांपैकी ७७ टक्के सूचनांवर परिचारिकांनी फोन, औषध किंवा मात्राबदल असे काही ना काही केले. पुढे अमेरिकेतल्याच ५२ केंद्रांवरच्या मोठ्या चाचणीत आयुर्मानातला फरक दिसला नाही, पण त्रास आटोक्यात राहिला आणि हिंडणे-फिरणे सुधारले. म्हणून आयुष्य वाढवण्याचे आश्वासन मी कोणालाही देणार नाही. त्या ५२ केंद्रांवरच्या चाचणीत इंटरनेट नको असलेल्यांना फोनवरून उत्तरे देता येत होती. आपल्याकडे मोबाइल मुलाच्या हातात असतो आणि त्याच्यादेखत आई जुलाबांविषयी बोलत नाही, हे लक्षात घेतले तर ही सोय इथे फार मोलाची ठरेल. प्रश्नही ‘न्यूरोपथी आहे का’ असा नको, ‘बोटांना मुंग्या येतात का’ असा हवा.

आणि ज्या केंद्रात उत्तरे वाचून रुग्णाला उलट फोन करणारी परिचारिका नाही, तिथे आधी ती जागा भरावी. ॲप नंतर घेता येईल.